उजळलेली सांज

हातमोजे घालून लिफ्टमध्ये शिरणारा माणूस एकतर डॉक्टर असतो, नाहीतर चोर. आणि हा काही डॉक्टर दिसत नव्हता.

ती अंग चोरून कोपऱ्यात सरकली. तिच्या हातात चांदीची किटली होती... तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची, सकाळीच मावशीच्या दुकानात उजळून आणलेली, आरशासारखी लखलखीत. चोराला दुसरं काय हवं असतं? तिनं किटली एप्रनखाली लपवली. तशी ती एप्रनखाली आणखीच मोठी दिसायला लागली.

त्याच्या दोन्ही हातांवर एक रुंद, चपटा लाकडी ट्रे होता. ट्रेमध्ये हिरवी मखमल, मखमलीत गोल खळगे, खळग्यांत नाणी. काळीकुट्ट.

"पाचवा दाबता का? माझे हात अडकलेत."

आवाज मात्र चोराचा नव्हता. आजारी मांजर उचलून आणल्यासारखा हळू होता. तिनं आपला तिसरा दाबला, त्याचा पाचवा दाबला. लिफ्ट हलली, कण्हली, दुसऱ्या मजल्याच्या जरा वर गेली... आणि खाडकन थांबली. दिवा दोनदा मिचमिचला.

तिनं एप्रनखालची किटली पोटाशी घट्ट आवळली.

बंद जागेचं तिला भयंकर भय होतं. शाळेत असताना एकदा मास्तरांनी तिला सामानाच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. शाळा सुटण्याचं ते एक कारण. दुसरं कारण म्हणजे बाहेर आल्यावर तिनं मास्तरांना जे ऐकवलं ते. त्या दिवसापासून दार बंद झालं की तिच्या तळहाताला घाम फुटायचा आणि तोंड सुरू व्हायचं.

"थांबली! का थांबली? ओ... दाबा ना काहीतरी! हवा किती वेळ पुरते यात? मी सांगतेय, दोर तुटला ना तर—"

"बोलू नका."

"काय?"

"प्लीज. नाण्यांवर बोलू नका. थुंकी उडते. डाग पडतात, कायमचे."

तिचं डोकं सटकलं. "मी इथं मरायला टेकलेय आणि तुम्हाला नाण्यांची पडलीय?"

"मरत नाही कुणी. ही लिफ्ट आठवड्यातून दोनदा अशीच रुसते." तो खरंच घाबरला होता, पण लिफ्टला नाही, तिला. ट्रे छातीशी धरून तो भिंतीला पाठ लावून उभा होता. "तिकडे तोंड करून बोला ना. हवं तेवढं बोला. मी ऐकतो."

हे असलं तिला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. गप्प बस, असं शंभरदा ऐकलेलं. तिकडे तोंड करून हवं तेवढं बोल, हे पहिल्यांदाच.

म्हणून ती भिंतीकडे वळली आणि बोलत सुटली. मास्तर, सामानाची खोली, मावशीचं दुकान, मावशीचे गुडघे, दुकानात तिला सगळे 'ठिणगी' का म्हणतात... सगळं. मागून तो "हं" म्हणायचा. मधेच एकदा हसला. ते हसू तिच्या मानेला लागलं, आणि भीती जरा मागे सरकली.

तोही थोडं बोलला. तळमजल्यावर त्याच्या मामांची खोली होती, नाण्यांची. पाइप फुटून तिथं ओल आली. मामा हॉस्पिटलमध्ये, डोळ्यांचं मोठं ऑपरेशन, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तेव्हा भाचा एकेक ट्रे उचलून पाचव्या मजल्यावरच्या घरात नेत होता.

"तुमची नखं काळी आहेत," तो एकदम म्हणाला.

तिनं मुठी मिटल्या. "पेस्ट आहे ती. चांदी उजळते मी. चोरी नाही करत, हातमोजे घालून."

"उजळता?" त्यानं ट्रे आणखी जवळ ओढला. "मग मामांना तुम्ही काही आवडायच्या नाहीत."

का? असं ती विचारणार, तेवढ्यात लिफ्ट हलली आणि तिसरा मजला आला. ती तणतणत बाहेर पडली. मामांना आवडायच्या नाहीत म्हणे! तुमच्या मामांना विचारलंय कुणी?

पण किटली देऊन झाल्यावर ती जिन्यानं खाली न जाता दोन मिनिटं तशीच उभी राहिली. वर, पाचव्या मजल्यावर, लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत.

*

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. हातमोज्यांशिवाय. हात बरे होते, लांब बोटांचे.

"खडू आहेत का?"

मावशीनं चष्म्यावरून पाहिलं. "हे शाळेचं दुकान नाही, बाबा."

"माहितेय. पण चांदीवाल्यांकडे असतात. डब्यात टाकले की ओल शोषून घेतात."

मावशी खूश झाली. धंद्यातलं कळणारा माणूस तिला नेहमीच आवडायचा. "दे गं त्याला खोकं. आणि ए कार्टे, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन नीट लावून दे. असली माणसं एकेका नाण्याला एकेक खडू ठेवत बसतील."

असं सुरू झालं. रोज दुपारी अर्धा तास.

पाचव्या मजल्यावरच्या घरात जमिनीवर ट्रेच ट्रे पसरलेले. खिडकीत दोरी, दोरीला चिमटे, चिमट्यांना कागदाची छोटी पाकिटं वाळत घातलेली... ओल लागलेली, नाणी ठेवायची पाकिटं. तिला ते बाळाचे कपडे वाळत घातल्यासारखं वाटलं. ती तसं म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला.

ती त्याला 'मोजे' म्हणायला लागली. 'अहो मोजे' वरून 'ए मोजे' वर यायला तीन दिवस लागले.

"ही कुठली एवढी काळी?" तिनं एका ट्रेकडे बोट दाखवलं.

"स्लोव्हाकिया. दुसऱ्या महायुद्धातला. लढाईच्या तोंडावर निघालेला देश, हिटलरच्या सावलीत. सहा वर्षं टिकला, मग गेला."

"आणि सहा वर्षांत चांदीची नाणी काढली? बाहेर बॉम्ब पडतायत आणि हे आपल्याच कौतुकाची नाणी पाडत बसलेत!"

"म्हणूनच पाडली असतील. मामा म्हणतात, ज्याला आपण उद्या असू की नाही याची धास्ती असते, तो आपलं नाव चांदीत लिहून ठेवतो."

ट्रेमधली दोन नाणी पालथी होती. ती सरळ करायला तिनं हात पुढे केला तसा तो म्हणाला, "नको. त्यांच्यावर त्या देशाच्या अध्यक्षाचं तोंड आहे. त्या राजवटीनं आपल्याच देशातली ज्यू माणसं, बायकामुलांसकट, गाड्यांत भरून मरायला पाठवली. मामा ते तोंड वर ठेवत नाहीत. पण फेकूनही देत नाहीत. फेकलं की विसरायला होतं म्हणतात."

तिनं हात मागे घेतला. बंद डबे, बंद दारं... तिला पुढचं ऐकायचं नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं पटकन दोन नाणी तिच्यासमोर सरकवली.

"यातला फरक सांग. मामांना महिना लागला होता. मला मामांनी सांगावं लागलं."

दोन्हीवर दोन संत उभे होते, दाढीवाले, झग्यातले. वर्ष तेच, एकेचाळीस. तिनं भिंग घेतलं. तो श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि तो बघतोय हे तिला भिंगातून न बघताही दिसत होतं.

"हे छोटं चर्च आहे ना... त्याच्यावरचा क्रूस. याच्यावर एक आडवी दांडी, त्याच्यावर दोन."

तो बघतच राहिला. "एक मिनिटही नाही लागलं."

"चमच्यावरचा चरा शोधायची सवय आहे मला. शाळेत विचारलं असतं असलं काही तर पहिली आले असते."

"मी मास्तर असतो तर—"

"तर काय?"

"तर... काही नाही." तो उगाच खाकरला. "चहा करू?"

दोन दांड्यांचं नाणं त्यानं ट्रेमध्ये न ठेवता शेजारी पसरलेल्या टॉवेलवर ठेवलं, एकटंच. त्याचं पाकीट दोरीवर सगळ्यात मधे वाळत होतं. पाकिटावर बायकी, तिरक्या अक्षरात एकच शब्द होता: सांभाळ.

तिला विचारायचं होतं, हे कुणाचं अक्षर. पण तो स्वयंपाकघरात गेला होता, आणि तिला त्याच्याच पाठीकडे बघायचं होतं.

*

शनिवारी तो फोनवर होता. हॉस्पिटलचा फोन. आतल्या खोलीतून त्याचं "हो मामा... नाही मामा..." ऐकू येत होतं.

ती टॉवेलसमोर बसली होती. आठवडाभर ती विचार करत होती, याला काय द्यावं? तिच्याकडे होतं काय? पुस्तक देणारी ती नव्हती, कवितेचं आणि तिचं कधी जमलं नाही. पण तिला एक गोष्ट येत होती, अख्ख्या रस्त्यावर तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. मेलेल्या चांदीत ती जीव आणायची.

आणि समोर ते नाणं पडलं होतं. सगळ्यांत काळं. मधे राखाडी, कडेला निळसर तपकिरी, कबुतराच्या मानेसारखं. बिचाऱ्या मामांना दिसत नसणार कित्येक वर्षं, तिच्या मनात आलं. आणि मोजेला हात लावायचीच भीती. कुणी कधी उजळलंच नाही याला.

एप्रनच्या खिशात फडकं होतं. फडक्याला पेस्ट होती. निम्मी चांदी, निम्मं तांबं... बोट लावताच तिला कळलं. असली चांदी हट्टी असते. पण तीही कमी हट्टी नव्हती.

तीन मिनिटं. संतांच्या दाढ्या उजळल्या, झगे उजळले, चिमुकल्या चर्चवरच्या दोन दांड्या लखकन चमकल्या. तिला हसूच फुटलं.

तो बाहेर आला, चेहरा फुललेला. "गुरुवारी पट्टी सुटतेय! मामा काय म्हणाले सांगू? म्हणाले, पट्टी सुटून घरी आलो की सगळ्यात आधी—"

"थांब. आधी डोळे मीट. हात पुढे कर."

त्यानं डोळे मिटले. तिनं त्याच्या तळहातावर नाणं ठेवलं, आणि हिंमत करून आपली बोटं क्षणभर तिथंच राहू दिली.

"उघड."

त्यानं उघडले.

माणसाच्या चेहऱ्यावरून रंग उतरतो म्हणतात, ते तिनं पहिल्यांदा पाहिलं. आधी ओठ पांढरे झाले. मग कान.

"काय... केलंस तू?"

"उजळलं. तुझ्यासाठी."

तो मटकन खाली बसला. मग एकेक शब्द ओढून काढत त्यानं सांगितलं. जुन्या नाण्याचा काळेपणा म्हणजे मळ नसतो. ते त्याचं वय असतं. नाणी गोळा करणारा माणूस त्याला जन्मात फडकं लावत नाही. आणि हे नाणं तर मामींचं. मामांनी लग्नाचं विचारलं त्या दिवशी मामींनी हो म्हणायच्या ऐवजी ते पाकीट त्यांच्या हातात ठेवलं होतं. चाळीस वर्षं त्याच पाकिटात ते हळूहळू रंगत गेलं. मामी म्हणायच्या, यात सांज उतरलीय. मामी गेल्या, आणि मामा नाण्यालाच 'सांज' म्हणायला लागले.

"पट्टी सुटली की सगळ्यात आधी सांज बघायचीय, असं म्हणाले आत्ता."

हे लिफ्टमध्ये अडकण्याहून वाईट होतं. तिथं निदान दार होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगणार होतो." तो नाण्याकडेच बघत होता. "पण मामा-मामींचं सांगायचं म्हणजे पुढचं... माझंही सांगावं लागलं असतं. धीर होत नव्हता."

दुसरा कुठला दिवस असता तर हे ऐकून ती हवेत तरंगली असती.

*

रविवार. सोमवार. मंगळवार. तिच्या हातून दुकानात दोन चमचे वाकले. रस्त्यावर गाडीचं दार आपटलं तरी वाटायचं, आले मामा. मामांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं, पण रोज त्यांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर यायचा. पट्टी बांधलेला. पट्टी सुटत जायची, सुटत जायची, आणि शेवटचा वेढा निघायच्या आत ती दचकायची.

"आजारी आहेस का गं?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग भाचरू भांडलं वाटतं."

"मावशी, तू चमचे बघ तुझे."

अंड्याची युक्ती तिचीच. मावशी अंडं खाणाऱ्या गिऱ्हाइकांना रोज शिव्या घालायची, कारण अंड्यानं चांदीचे चमचे काळे पडतात. मग नाणंही पडेल! मंगळवारी दुपारी दोघांनी अंडं उकडलं, कुस्करलं, काचेच्या बरणीत घातलं, वर वाटीत नाणं ठेवून झाकण लावलं आणि बरणीसमोर बसून राहिले. परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे.

नाणं आधी पिवळं झालं. मग तपकिरी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एका संताच्या तोंडावर काळा डाग पडला, पसरत गेला, आणि दहा मिनिटांत सगळं नाणं असं दिसायला लागलं की कुणीतरी शाई सांडून बोटानं पुसलीय. झाकण उघडल्यावर जो वास आला, त्यानं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या.

ती हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. फडकं काढून ती तो डाग पुसायला गेली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"नको. आता आणखी काही नको करू."

हात त्यानं सोडला नाही. त्याचा हात गार होता, तिचाही. दोघांचेही हात एकत्र असून ऊब अशी नव्हतीच.

"मामांनी मला वाढवलंय," तो म्हणाला. "सात वर्षांचा होतो मी. आजवर एकदाही हात उगारला नाही. मला मार खायची भीती नाही गं वाटत. ते काहीच बोलणार नाहीत, याची वाटते."

मग तो उठला. ट्रेमधून एका दांडीचं नाणं काढलं, जुळं, काळंच. दोरीवरचं पाकीट काढलं.

तिला कळायला क्षणभर लागला. "हे ठेवणार? त्यात?"

"पट्टी सुटली तरी पहिले काही दिवस सगळं धूसर दिसेल. क्रुसाची दांडी कुठली दिसतेय! डॉक्टर म्हणालेत डोळ्यांवर ताण नको, रडायचं नाही. आत्ता त्यांना आनंदात राहू दे. पुढचं पुढे."

"आणि पुढे? भिंग घेतल्यावर?"

"तेव्हा मी सांगेन, मी केलं. तुझं नावही येणार नाही."

तिच्या डोक्यात जाळ झाला. "का येणार नाही? हात माझे, फडकं माझं! मी केलेलं माझंच आहे. मला पाठीशी घालायला सांगितलं कुणी?"

"मी तुला वाचवतोय!"

"मला कोंडतोयस! खोटं बोलून त्यात मला बसवतोयस, आणि वरून कडी घालतोयस! आयुष्यभर मी या घरात आले की ते पाकीट बघून घाबरायचं?"

आयुष्यभर, हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि त्याच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. मग ती दार आपटून निघून गेली. जिन्यानं, अर्थातच.

*

गुरुवारी दुपारी ती गेली. जाऊ नये असं पायांना वाटत होतं, पण पाय तिचे होते आणि तिनं त्यांना नेलं.

खिडकीचे पडदे अर्धे ओढलेले. खुर्चीत एक उंच, वाळका म्हातारा बसलेला, काळा चष्मा, मांडीवर शाल. आयुष्यभर जहाजांवर वायरलेस ऐकत बसलेला माणूस, मान अजूनही एका कानाकडे कललेली.

"कोण आलं?"

"खडूवाली, मामा," तो म्हणाला. तिच्याकडे त्यानं असं पाहिलं, की जणू विनवत होता.

"अच्छा. भाचा फोनवर तुझ्याबद्दल बोलतो. कमी बोलतो, पण रोज बोलतो. बस पोरी."

ती बसली नाही. मामांच्या हातात पाकीट होतं. त्यांनी अंगठा त्या एका शब्दावरून फिरवला. चष्मा काढला. डोळे लाल, ओले. पाकिटातून नाणं तळहातावर घेतलं, चेहऱ्याजवळ नेलं.

घड्याळ टिकटिकत होतं. तिला वाटलं, आपल्या छातीतलंही सगळ्यांना ऐकू जात असणार.

मामा हसले. लहान पोरासारखे. "धुकं आहे सगळं. पण आहे. आहे गं बाई तू."

वाचली. सगळं वाचलं. त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. आता तिनं फक्त गप्प राहायचं होतं. भिंतीकडे तोंड करूनही बोलायचं नव्हतं.

मामांनी नाणं गालाला लावलं.

"ते ते नाही," ती म्हणाली.

"ए—" तो पुटपुटला.

"ते नाही, मामा. त्याच्यावर एक दांडी आहे. तुमचं दोन दांड्यांचं. मी उजळलं ते. मला माहीत नव्हतं... मला वाटलं, मळलंय. मग अंड्यानं काळं करायला गेलो आणि आणखी खराब झालं. याचा काही दोष नाही, यानं मला झाकायला हे केलं. मी केलंय. मी." आणि मग, आवाज फाटत, "तुम्ही दुसऱ्याच नाण्याला गाल लावलेला मला बघवेना."

मामांचा हात गालाजवळच थांबला. मग हळूच खाली आला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि ते जाताना बघणं ही जगातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"आणा," ते म्हणाले.

भाच्यानं खरं नाणं आणून दिलं. डागाळलेलं, कडेनं चकचकीत. मामांनी ते एकदाच डोळ्यांजवळ नेलं.

"बाहेर जा. दोघंही."

*

बाहेर, जिन्याच्या तोंडाशी, दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. आतून काहीच आवाज येत नव्हता.

"तुला घालवून देतील?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"चिडलायस?"

"भयंकर." त्यानं डोकं मागे भिंतीला टेकवलं. "आणि... तू बोललीस तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की त्याचीच लाज वाटतेय."

"मी जाऊ?"

"नको."

"मला भीती वाटतेय, मोजे."

"मलाही. इथंच थांब."

आतून हाक आली तेव्हा किती वेळ गेला होता, दोघांनाही सांगता आलं नसतं.

मामांनी काळा चष्मा पुन्हा घातला होता. डोळे ओले होते का, ते त्यामुळे कळत नव्हतं.

"पोरी, इकडे ये. हात दे." त्यांनी तिची बोटं चाचपली, पेस्टनं खरखरीत झालेली. "हे माफ करण्यासारखं नाही. फडक्याच्या रेघा चांदीतून जात नाहीत. तिनं ठेवलेली चाळीस वर्षं तू तीन मिनिटांत पुसलीस."

ती मान खाली घालून उभी होती. "हो."

"रडू नकोस. मला रडायला बंदी आहे, आणि मी एकट्यानं पाळणार नाही." ते नाण्याच्या कडेवरून बोट फिरवत होते, जिथं चमक शिल्लक होती. "मला एक आठवतच नव्हतं. तिनं दिलं तेव्हा ते असंच होतं. लखलखीत. ती म्हणाली होती, आत्ता कोरं आहे, बघू आपल्याकडे राहून कसं होतंय. मी सांजेकडे बघत राहिलो आणि तो दिवसच विसरलो."

त्यांनी मांडीवरचं पाकीट चाचपलं.

"शिक्षा तर होणार," मामा म्हणाले. पाकिटात त्यांनी नाणं घातलं, शाईसारख्या डागासकट, आणि पाकीट तिच्या तळहातावर ठेवलं. मग अंदाजानं हात लांबवून भाच्याचा हात शोधला आणि तो तिच्या हातावर आणून ठेवला. "हे परत रंगवून द्यायचं. अंडीबिंडी नाही. घरात ठेवून, माणसांच्या वाऱ्यानं, जसं रंगतं तसं. दरवर्षी आजच्या दिवशी मला आणून दाखवायचं. दोघांनी मिळून. एकटं कुणी आलं तर दार उघडणार नाही."

"मामा," भाचा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्याला चाळीस वर्षं लागतील."

"मग? घाई आहे तुला?"

*

लिफ्ट पाचव्या मजल्यावर आली. ती दारातच थबकली. हातात पाकीट होतं, आणि हातांना घाम फुटला होता.

"जिन्यानं जाऊ या?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि आत शिरली.

दार बंद झालं. लिफ्ट हलली, कण्हली... आणि तिसऱ्या मजल्याच्या जरा वर खाडकन थांबली. दिवा मिचमिचला. तिनं सवयीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानं तिच्या खांद्याला हात लावून तिला हळूच वळवलं. आपल्याकडे. पाकीट दोघांच्या मधे होतं.

"आता इकडे बोल," तो म्हणाला.

"डाग पडतील."

"पडू देत. आपलेच."

तिला धड श्वास येत नव्हता, आणि ते लिफ्टमुळे की दुसऱ्या कशामुळे, हे काही कळत नव्हतं. "चाळीस वर्षं म्हणजे खूप झाली, मोजे. मी चिडकी आहे. मी दारं आपटते. मला भीती वाटते..."

"कशाची?"

"सगळ्याची. तुझी जास्त."

"मला तुझी पहिल्या दिवसापासून वाटते," तो म्हणाला. "तरी दुसऱ्याच दिवशी खडू मागायला आलोच ना?"

वरून कुणीतरी लिफ्टचं दार बडवत होतं, ओरडत होतं, किती वेळ, किती वेळ. दोघांपैकी कुणीही उत्तर दिलं नाही.